मनोरुग्णालयात दाखल करताना सही कोणाची चालते?

घरातला माणूस चार रात्री झोपलेला नाही. शेजारी आपल्या जेवणात विष कालवतात असं वाटून त्याने खाणं सोडलंय आणि तो उशाशी कोयता घेऊन बसतो. घरचे कसंबसं त्याला गाडीत घालून रुग्णालयात नेतात. तिथे ऐकायला मिळतं, “आधी कोर्टाची ऑर्डर आणा.” पोलीस ठाण्यात जावं तर, “हे आमचं काम नाही, डॉक्टरांकडे न्या.” तेवढ्यात नात्यातला कुणीतरी सुचवतो, “एका केंद्राचा नंबर देतो, चार माणसं येतात आणि उचलून नेतात.”

यातलं एकही उत्तर आजच्या कायद्यात बसत नाही. तरीही ही उत्तरं रोज दिली जातात, कारण २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा फार थोड्या लोकांपर्यंत पोचला आहे. तो २०१८ पासून देशभर लागू आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, बांबोळीची गोव्यातली संस्था, मोठ्या रुग्णालयातला मानसोपचार वॉर्ड आणि गल्लीतलं दहा खाटांचं खासगी नर्सिंग होम, सगळ्यांना तोच लागतो.

कोर्टाची ऑर्डर आली कुठून?

इंग्रजांनी १९१२ साली केलेल्या कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ होता. त्याचा रोख रुग्णापेक्षा समाजाच्या सुरक्षिततेवर होता, म्हणून एखाद्याला आत ठेवायचं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. १९८७ च्या कायद्याने भाषा सुधारली, मॅजिस्ट्रेटचा हुकूम मात्र ठेवला. त्याच कायद्यात आणखी एक वाट होती. नातेवाइकाने अर्ज करून, डॉक्टरांची प्रमाणपत्रं जोडून माणसाला नव्वद दिवसांपर्यंत दाखल करता येई. त्या माणसाचं स्वतःचं म्हणणं काय, याला फारशी जागा नव्हती.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला आणि त्याला जुळेल असा नवा कायदा करणं भाग पडलं. नव्या कायद्यात घरातून रुग्णालयात जाण्याच्या नेहमीच्या वाटेवर कोर्ट नाही. मॅजिस्ट्रेट उरला आहे तो काही ठरावीक प्रसंगांपुरता. त्याबद्दल पुढे.

कायदा विचारतो तो प्रश्न वेगळा आहे

आपण विचारतो, “याला आजार आहे का?” कायदा त्याच्या पुढचं विचारतो, “उपचारांबद्दलचा हा निर्णय याला आत्ता घेता येतोय का?” सगळा कायदा या एका प्रश्नावर उभा आहे.

निर्णय घेता येतो म्हणजे काय, हेही कायद्याने सांगून ठेवलं आहे. समजेल अशा भाषेत, हवं तर चित्रं किंवा खुणा वापरून सांगितलेली माहिती माणसाला कळली पाहिजे; दाखल झालो तर काय होईल आणि न झालो तर काय होईल, याचा अंदाज आला पाहिजे; आणि आपला निर्णय बोलून, मान हलवून, कसाही कळवता आला पाहिजे. त्याचा निर्णय डॉक्टरांना किंवा घरच्यांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं म्हणता येत नाही. मधुमेह असलेल्या माणसाने इन्सुलिन नाकारलं तर आपण त्याला समजावतो, रागावतो, पण म्हणून त्याची सही बाद ठरवत नाही. तसंच हे.

निर्णय घेण्याची ही क्षमता कायमची जातेच असं नाही. सोमवारी भ्रमात असलेला माणूस औषध लागू पडल्यावर पुढच्या सोमवारी नीट बोलत असतो. आज उपचारांबद्दल ठरवता न येणाऱ्याला कोणाला भेटायचं आणि काय जेवायचं, हे ठरवता येत असतं.

मधल्या अवस्थेसाठी कायद्यात ‘आधार’ असा शब्द आहे. आजीला पत्र वाचता येत नसेल तर आपण आधी तिचा चष्मा शोधून देतो. तरीही जमलं नाही तर पत्र मोठ्याने वाचून दाखवतो. पत्र न दाखवताच तिच्या नावाने उत्तर लिहून टाकत नाही. मनाच्या आजारात चष्मा शोधायचं काम वगळून थेट उत्तर लिहिण्याकडे सगळ्यांचा कल असतो. तो थांबवायला हा कायदा आला.

सरळ रस्ता: स्वतःच्या सहीने

शक्य तिथे प्रत्येक प्रवेश ‘स्वतंत्र’ असावा, असं कायदा स्पष्ट म्हणतो. अठरा वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करते. डॉक्टर पाहतात की आजार दाखल करण्याइतका तीव्र आहे, राहून उपयोग होईल आणि माणूस समजून-उमजून, कुणाच्या दडपणाखाली न येता हे मागतोय. झाला प्रवेश.

यात नातेवाइकाची सही लागत नाही. ‘सोबत कुणीतरी असल्याशिवाय घेत नाही’ ही अनेक रुग्णालयांची सवय आहे, कायद्याची अट नाही. एकटी राहणारी बाई, घरच्यांना न कळवता उपचार घेऊ पाहणारा तरुण, यांना परत पाठवणं चूक आहे. अशा रुग्णाला त्याच्या संमतीशिवाय औषधही देता येत नाही, आणि त्याने घरी जायचं म्हटलं की सोडावं लागतं.

अपवाद एकच आणि तो मुदतीने बांधलेला आहे. जायला निघालेला माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका करेल, स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नाही, किंवा आपण काय ठरवतोय हेच त्याला आता कळत नाही असं तज्ज्ञाला वाटलं, तर त्याला चोवीस तासांपर्यंत थांबवून तपासता येतं. त्यानंतर पुढे सांगितलेल्या पद्धतीने ठेवायचं, नाहीतर सोडायचं.

सर्वांत जास्त गडबड इथेच होते. गुंगीत असलेल्या माणसाचा हात धरून अर्जावर सही घेतली जाते आणि कागदोपत्री तो ‘स्वतःहून आलेला’ ठरतो. रुग्णालयाचा पुढचा सगळा कागदोपत्री व्याप टळतो, कारण स्वतंत्र प्रवेशाचा अहवाल बाहेर कुणाला पाठवावा लागत नाही. दोन दिवसांनी तो माणूस घरी सोडा म्हणतो तेव्हा त्याला सोडत नाहीत. सही आहे, पण संमती नाही. असा प्रवेश बेकायदा आहे.

“पण तो तयारच नाही, मग काय त्याला मरू द्यायचं?”

कायद्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप हा, आणि तो घेणारे बहुतेक वेळा खरोखर थकलेले, घाबरलेले आईवडील किंवा जोडीदार असतात. उत्तर आहे: नाही. उपचारांबद्दलचा निर्णय त्याला आत्ता घेता येत नसेल, तर नकार देणाऱ्यालाही दाखल करता येतं. त्याला ‘आधाराचा प्रवेश’ म्हणू.

त्यासाठी अर्ज करतो तो नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीने आधार देणारा माणूस. रुग्णाने आधी लेखी कुणाचं नाव दिलं असेल तर तो. नसेल तर नातेवाईक, तोही नसेल तर सांभाळ करणारी व्यक्ती, आणि कुणीच नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने (त्याबद्दलही पुढे) नेमलेली व्यक्ती. बायको आधी की भाऊ आधी, असा क्रम नातेवाइकांमध्ये कायद्याने लावलेला नाही. त्यामुळे संपत्तीचे वाद असलेल्या घरांत रुग्णालयाच्या दारातच भांडणं लागतात.

मग दोघे जण रुग्णाला वेगवेगळे तपासतात. एक मनोविकारतज्ज्ञच हवा. दुसरा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका, मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता असा नोंदणीकृत तज्ज्ञ किंवा साधा डॉक्टरही चालतो. तपासणी प्रवेशाच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत झालेली असावी. माणसाने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा प्रयत्न केला, दुसऱ्यावर हात उचलला किंवा त्याच्यामुळे कुणाला जिवाची भीती वाटते, किंवा तो स्वतःचं खाणंपिणंही सांभाळू शकत नाही आणि त्यामुळे धोक्यात आहे, यापैकी निदान एक गोष्ट दोघांनाही दिसली पाहिजे. शिवाय घरी राहून, ओपीडीत येऊन किंवा इतर कमी बंधनाच्या मार्गाने भागणार नाही, अशी त्यांची खात्री हवी.

दोन सह्यांचा चेक असतो, तसं हे आहे. एकाने सही केलेला चेक बघून दुसऱ्याने डोळे झाकून सही केली तर दुसरी सही ठेवण्यात अर्थच उरत नाही. दोन्ही अहवालांत शब्दन्‌शब्द तोच मजकूर असेल तर मंडळाच्या पुनर्विलोकनात त्यावर प्रश्न येऊ शकतो.

इथे घरच्यांनी करण्यासारखं एक काम आहे. “खूप त्रास देतो” एवढं सांगून भागत नाही. काय घडलं, कोणत्या तारखेला, किती वेळा, हे कागदावर उतरवून न्यावं: “मंगळवारपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही,” “गुरुवारी रात्री गच्चीच्या कठड्यावर चढला, आईने ओढलं.” जुनी केस पेपर्स, चालू गोळ्यांची पाकिटं, मधुमेह किंवा रक्तदाबाची माहिती सोबत घ्यावी. नाव दिलेला प्रतिनिधी वेगळा असेल तर अर्ज त्यालाच करावा लागतो, नुसता गाडी चालवत आलेला मेहुणा चालत नाही.

महिन्याचा पास

आधाराचा प्रवेश एस.टी.च्या मासिक पाससारखा आहे. तीस दिवसांनी आपोआप संपतो. ‘बरं वाटेपर्यंत ठेवा’ असा प्रवेश कायद्यात नाहीच.

त्या तीस दिवसांतही दर सात दिवसांनी रुग्णाची निर्णयक्षमता पुन्हा तपासायची असते. ती परतली की त्याला विचारायचं: घरी जातोस की स्वतःच्या सहीने राहतोस? उपचारही शक्य तितके त्याच्याच संमतीने, प्रतिनिधीच्या आधाराने. माणसाला जवळपास शंभर टक्के आधार लागत असेल तेव्हाच प्रतिनिधीने त्याच्या जागी तात्पुरती संमती द्यायची.

तीस दिवसांनंतरही ठेवायचं असेल, किंवा घरी सोडल्यापासून सात दिवसांच्या आत परत आणावं लागलं, तर नियम कडक होतात. दोन्ही तपासणारे मनोविकारतज्ज्ञच हवेत, धोका एकदाचा नसून सातत्याने दिसलेला हवा आणि मंडळाची परवानगी हवी. मुदत पहिल्यांदा नव्वद दिवस, नंतर एकशेवीस, त्यानंतर प्रत्येक वेळी जास्तीत जास्त एकशेऐंशी.

मंडळ म्हणजे कोण?

मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. एका जिल्ह्यासाठी किंवा काही जिल्ह्यांसाठी मिळून एक. अध्यक्षपदी आजी किंवा माजी जिल्हा न्यायाधीश, किंवा त्या पदासाठी पात्र असा न्यायिक अधिकारी. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन सदस्य असे की जे स्वतः मानसिक आजारातून गेले आहेत, अशा माणसाची काळजी घेतात किंवा या क्षेत्रातल्या संस्थेत काम करतात. ही शेवटची तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. आत राहून आलेला माणूस निर्णयाच्या टेबलाशी बसतो, हे आधीच्या कायद्यांत नव्हतं.

आधाराने दाखल केलेल्या पुरुषाची माहिती रुग्णालयाने सात दिवसांत मंडळाला कळवायची, बाईची तीन दिवसांत. रुग्ण, त्याचा प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने एखादी संस्था या प्रवेशाला मंडळापुढे आव्हान देऊ शकते. पहिल्या तीस दिवसांतल्या प्रवेशावर मंडळाने सात दिवसांत निकाल द्यायचा, त्यापुढच्या प्रवेशावर एकवीस दिवसांत. निकाल पटला नाही तर तीस दिवसांच्या आत उच्च न्यायालय. साध्या कागदावर लिहिलेला अर्जही पुरतो, आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.

“घरच्यांनीच डाव साधला तर?”

नवऱ्याला घटस्फोट हवा आहे, भावांना जमीन हवी आहे, मुलीने परजातीत लग्न करायचं म्हटलंय. अशा वेळी ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला टाका’ ही नुसती धमकी राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

कायद्याने याची दखल घेतली आहे. आजाराचं निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच व्हायला हवं. समाजाच्या, घराच्या, धर्माच्या चालीरीतींना धरून न वागणं म्हणजे आजार नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, हा आज आजारी असल्याचा पुरावा ठरत नाही. आणि दाखल झाल्याने माणूस कायद्याच्या नजरेत ‘विकल मनाचा’ होत नाही. ते फक्त सक्षम न्यायालयच ठरवू शकतं. आत असतानाही त्याला फोन करण्याचा, भेटायला आलेल्याला भेटण्याचा किंवा न भेटण्याचा हक्क असतो. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

रात्री दोन वाजता, मनोविकारतज्ज्ञ नसताना

जीव जाण्याचा, गंभीर इजेचा किंवा आजारामुळे मोठ्या नासधुशीचा धोका समोर असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मग तो तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातला का असेना, तातडीचा उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. त्याचा पत्ता नसेल म्हणून हात बांधून बसायचं नाही. ही मुभा बहात्तर तासांची, किंवा मानसोपचाराच्या रुग्णालयात तपासणी होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. तिथपर्यंत नेणंही याच उपचारात येतं. विजेचे झटके मात्र तातडीचा उपचार म्हणून देता येत नाहीत. “मानसोपचारवाला नाही, आम्ही हात लावणार नाही” हे उत्तर म्हणूनच चुकीचं आहे.

पोलिसांचं काम नेमकं कुठे येतं?

रस्त्यावर भटकणारी, स्वतःला सांभाळू न शकणारी व्यक्ती, किंवा आजारामुळे स्वतःला अथवा इतरांना धोका असलेली व्यक्ती आपल्या हद्दीत आढळली तर ठाणे अंमलदाराने तिला संरक्षणात घ्यायचं. अटक नव्हे, संरक्षण. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं. दाखल करण्याची गरज नाही असं ठरलं तर पोलिसांनीच घरी सोडायचं. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून कुटुंब शोधायचं.

घराच्या चार भिंतींत कुणाला बांधून, कोंडून, उपाशी ठेवलं असेल तर कुणीही पोलिसांना कळवू शकतं. मॅजिस्ट्रेट येतो तो इथे. त्याला अशा व्यक्तीला तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करण्याचा आदेश देता येतो. साखळीने बांधणं तर कुठेही, कोणत्याही स्वरूपात बंद आहे. तमिळनाडूत एरवाडीच्या आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेल्या पंचवीसहून अधिक माणसांना पळताही आलं नाही.

दारू सोडवणारी केंद्रं

दारू आणि अंमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात. म्हणजे अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राला नोंदणी हवी, आणि प्रवेशाचे वर सांगितलेले सगळे नियम लागतात. चार माणसांनी येऊन झोपेतून उचलून नेणं, ‘सहा महिन्यांचं पॅकेज’ म्हणून सोडायला नकार देणं, फोन काढून घेणं, यातल्या एकाही गोष्टीला कायद्यात जागा नाही. बायकोने पैसे भरले म्हणून नवऱ्याची संमती झाली असं होत नाही. पैसे देण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागावं आणि मनोविकारतज्ज्ञ कोण, किती वेळा येतात, हे विचारावं.

अठराच्या आतलं मूल

अर्ज पालकांचा, तपासणी दोघांची, मंडळाला कळवायचं बहात्तर तासांत. मुलाला मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही आणि पूर्ण काळ पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सोबत राहते. मुलगी असेल तर सोबतीला बाई.

बरा झाला, पण न्यायला कुणी येत नाही

घरचे पत्ता बदलतात, फोन उचलत नाहीत. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं कायदा सांगतो. पर्यायी निवाऱ्याची जबाबदारी सरकारची. पण अशी घरं पुरेशी उभी राहिलेली नाहीत, आणि कायदा इथेच सर्वांत तोकडा पडतो. बरे झालेले लोक महाराष्ट्रात भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते, तेव्हा जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवायला सांगावं लागलं. कागदावरचा पत्ता बदलला म्हणजे पुनर्वसन होत नाही.

बरं असताना लिहून ठेवायचे दोन कागद

वर सांगितलेली निम्मी ओढाताण दोन कागदांनी टळते. ज्यांना आजाराचे झटके अधूनमधून येतात, त्यांनी मधल्या चांगल्या दिवसांत ते जरूर करावेत.

पहिला, प्रतिनिधीची नेमणूक. साध्या कागदावर नाव लिहायचं, सही किंवा अंगठा, आणि ज्याला नेमलं त्याची लेखी तयारी. तो अठरा वर्षांवरचा हवा, नात्यातलाच हवा असं नाही; मैत्रीणही चालते. मन बदललं तर नाव बदलता येतं.

दुसरा, पूर्वनिर्देश: मला निर्णय घेता येईनासा झाला तर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत. “अमुक औषधाने हात थरथरतात, ते नको.” “दाखल करावं लागलं तर मुलीला आधी कळवा.” यावर दोन साक्षीदार लागतात आणि मंडळाकडे नोंदणी करायची असते. तो तातडीच्या उपचाराला लागू होत नाही, आणि न पाळायचा असेल तर डॉक्टरांना किंवा घरच्यांना मंडळाकडे अर्ज करावा लागतो.

दोन्हींची एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांच्या केस पेपरला लावावी, कारण हा कागद पाहिलाच नसेल तर त्यांना जबाबदार धरता येत नाही. दुसरी प्रत प्रतिनिधीकडे, आणि तिच्या मागे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन क्रमांक लिहून ठेवावेत.